तुझ्या नंबरवर गेलेले सहा आकडे

माय, तुझा नंबर आता ढाणकीच्या एका बाईकडे आहे. गेल्या महिन्यात मी तिला चार वेळा फोन केला आणि चौथ्या वेळी तिच्या नवऱ्याने फोन घेऊन मला शिव्या घातल्या. त्याचं काही चुकलं नाही. कोणी अनोळखी माणूस आपल्या बायकोला "ताई, मोबाईलवर आलेले सहा आकडे सांगा" म्हणत असेल तर कोणीही शिव्याच घालेल. मी स्वतः दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला बजावतो की असे आकडे कोणाला सांगू नका.

तुला माहीत असलेला वणीचा सायबर कॅफे बंद पडला. त्याच गाळ्यात मी आता लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. बाहेरून कोळशाचे ट्रक तसेच जातात, दुपारपर्यंत कीबोर्डवर काळी भुकटी बसते, आणि मी पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे पाहत बसतो. सर्व्हर डाऊन. थोड्या वेळाने प्रयत्न करा. तुझ्यासारख्या बाया येतात, अंगठा लावतात, आणि मशीन म्हणतं जुळत नाही. निंदण, वेचणी, भांडी, यात रेषाच झिजून गेलेल्या असतात. मागे एकीने विचारलं, "मंग मी कोन आहो, भाऊ?" मी ओल्या फडक्याने तिचा अंगठा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. ती चार दिवस खेड्यावरून येत राहिली. आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला माणसाला इतके हेलपाटे का घालावे लागतात, हे मला अजून कळलेलं नाही. आता तेच माझ्यावर आलं.

मुकुटबनचं आपलं स्वयंपाकघर, तू होतीस तेव्हाचं. मी शनिवारी संध्याकाळी वणीहून येतो. दिवसभर शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवून तू थकलेली असतेस, तरी चुलीपुढे बसून भाकरी थापतेस आणि बोलत राहतेस. मी वाया गेलेल्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर तुझं बोलणं उतरवून घेतो. दीक्षा घेतल्यावर आजीने घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, जाताना ती रडली आणि येताना खळखळून हसली, ते. शाळेच्या विहिरीवर पहिल्यांदा बादली सोडताना तू आधी चहूकडे कसं पाहून घेतलंस, ते. सोमवारी कॅफेत गेलो की ते सगळं मी ब्लॉगवर टाकायचो, जसंच्या तसं, तुझ्या बोलीत. कॉम्प्युटर 'मले'खाली लाल रेघ मारायचा. मी ती रेघ तशीच ठेवायचो.

ब्लॉग काढताना मोबाईल नंबर मागितला. माझा फोन दुरुस्तीला होता म्हणून तुझा दिला. आकडे आले तेव्हा तू शाळेत होतीस. मास्तरांकडून वाचून घेऊन तू मला कॅफेच्या फोनवर सांगितलंस, "माह्या मोबाईलवर नंबर आला बाप्पा! लॉटरी लागली काय?"

आणि एक दिवस तू मला रागावलीस. टाइप करून झालेले कागद मी चुलीत घालत होतो. "कागद कायले जाळून राह्यला?"

"नेटवर गेलं ना माय सगळं. कागदाले वाळवी लागते, नेटले लागत नाही."

तू उरलेले दोन-तीन कागद माझ्या हातातून ओढून घेतलेस. ते पुढे कुठे गेले, माहीत नाही. तू गेल्यावर मी सगळी पेटी उपसली, त्यात तुझं शाळेतलं हजेरीचं मस्टर होतं, चष्मा होता, ते कागद नव्हते.

वाचणारे फार नव्हते. उमरखेडकडचा एक जण गोष्टींखाली लिहायचा. तू सांगितलेली अंबाडीची भाजी त्याने चूक ठरवली, तेव्हा तू दोन दिवस धुसफुसत होतीस. "त्याले म्हणा, आधी इथं येऊन खाय." तेही मी ब्लॉगवर टाकलं. तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी विहिरीच्या गोष्टीखाली कोणीतरी आपल्या जातीवरून असं काही लिहिलं की मी ते इथे लिहिणार नाही. मी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, वेगळ्या नावाने. मग मी ब्लॉग कुलूपबंद करून टाकला. फक्त मला दिसेल असा. मला वाटलं, मी तुझी राखण करतोय.

तुझा नंबर दोन वर्षं मी चालू ठेवला. मग एकदा रिचार्ज करायचं विसरलो. नंतर आठवलं, तरी केलं नाही. बंद पेटीतला फोन, कोण लावणार आहे, असं वाटलं.

या पावसाळ्यात वीज पडून दुकानातला कॉम्प्युटर गेला. नवा आणला आणि ब्लॉग उघडायला गेलो, तर वर सूचना: ही सेवा महिनाअखेर बंद होत आहे, आपला मजकूर उतरवून घ्या. पासवर्ड मला तोंडपाठ होता. बरोबर होता. तरी त्याने विचारलं, हे खरंच तुम्हीच आहात का? आणि आकडे तुझ्या नंबरवर पाठवले.

शिव्या खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पडद्यावर 'माय'. दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि माझ्याने उचलवेना. उचलला तर ती बाई, हळू आवाजात. "भाऊ, ते वावरात गेले. लिवून घ्या लवकर. पन मॅसेज तर लय आले, कोनता सांगू?"

"थांबा ताई, नवा पाठवतो." नवा पाठवला. ती एकेक आकडा सांगत होती, मध्येच आवाज तुटत होता. मी टाकला, चूक. पुन्हा विचारला, टाकला, मुदत संपली. तिसऱ्यांदा पडद्यावर आलं की फार प्रयत्न झाले, सात दिवसांनी या. महिना संपायला पाच दिवस होते.

"झालं काय भाऊ?"

"नाही झालं, ताई."

"काय होतं त्याच्यात?"

"माह्या मायच्या गोष्टी."

ती म्हणाली, "मले पह्यलेच सांगाचं ना. मी त्याईले समजावलं असतं." मला ते सुचलंच नव्हतं. मी तिच्याकडे फक्त आकडे मागत राहिलो.

पाच दिवस मी त्या कंपनीत बोलायला एखादा माणूस शोधला. नंबर नाही, पत्ता नाही. तक्रार लिहिली, तिला मशीनने उत्तर दिलं आणि खाली विचारलं की आमची मदत कशी वाटली, तारे द्या. पहिल्या तारखेला तिथे पांढरं पान होतं.

आता एक सांगतो आणि हा कागद घडी करून ठेवून देतो. नव्या ब्लॉगवर वगैरे टाकणार नाही. परवा तुझ्या नातीने विचारलं, आजी शाळेत गेली होती का? त्यावर तू मला एक भली मोठी गोष्ट सांगितली होतीस, मी ती टाइपही केली होती. मला एवढंच आठवलं की तिच्यात एक बकरी होती. बाकीचं मी मनानेच रचलं. बकरीने पाटी फोडली, तू तिच्या मागे वर्गात शिरलीस, मास्तरांनी तुला बसवून घेतलं. पोरगी पोट धरून हसली, वहीत लिहून घेतलं तिने. मग विचारलं, "खरंच असं झालं होतं?"

मी म्हणालो, "हाव. आजीनंच सांगितलं."