भूगोलाच्या सरांचं कॅल्क्युलस

३ जुलै
गणिताच्या डस्टरसरांचा पाय मोडला. (नाव मुलांनी ठेवलंय. ते डस्टर फेकतात आणि नेम चुकत नाही.) मोठ्या बाईंनी मीटिंगमध्ये विचारलं, बारावीच्या वर्गाला कॅल्क्युलस कोण शिकवणार. सगळे पंख्याकडे बघत बसले. मी हात वर केला. उपमुख्याध्यापकाची खुर्ची लवकरच रिकामी होतेय, आणि तिथे अडीनडीला पुढे होणारा माणूस लागतो. फिजिक्सवाल्याने खवचटपणे विचारलं, तुमचा विषय भूगोल ना? म्हटलं, गणितात काय आहे, पुस्तक उघडलं की गणित. खुर्ची जवळजवळ माझीच.

४ जुलै
संकल्प: पहाटे पाचला उठून रोज एक धडा.

५ जुलै, सकाळी आठ
आत्ताच उठलो. धडा पहिला, लिमिट. x शून्याच्या जवळ जवळ जातो, पण शून्यावर पोचत नाही. मग जातो कशाला? बायकोला विचारलं. म्हणाली, तुम्ही पाच वाजता उठता तसंच आहे ते. तिला गणिताची आवड नाही.

८ जुलै
पहिला तास. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, सर, शून्याने भागता येत नाही, मग हे कसं चालतं? म्हटलं, उत्तम प्रश्न. घरी विचार कर आणि उद्या तूच वर्गाला सांग.

९ जुलै
तिने सांगितलं. मी मान डोलावली. मलाही थोडं कळलं. ही पद्धत माझी स्वतःची. यावर कधीतरी पेपर वाचला पाहिजे.

२४ जुलै
चेन रूल. पद्धत वापरली.

९ ऑगस्ट
इंटिग्रेशनची चाचणी तपासली. धक्कादायक. अख्ख्या वर्गाने उत्तरापुढे 'प्लस सी' लिहिलंय. प्रश्नात सी कुठेही नाही. उघड उघड कॉपी. सगळ्यांचा अर्धा मार्क कापला. शेवटच्या बाकावरच्या एकट्यानेच लिहिलं नव्हतं. त्याला पैकीच्या पैकी. वर्गात त्याला उभं करून शाबासकी दिली. तो घाबरला.

११ ऑगस्ट
पहिल्या बाकावरची स्टाफरूममध्ये आली. हळू आवाजात म्हणाली, सर, नुसत्या संख्येचं डेरिव्हेटिव्ह शून्य येतं, म्हणून उलटं जाताना कुठली संख्या गळाली ते कळत नाही. तिच्या जागी सी. मी म्हटलं, अन्यायाविरुद्ध कोण उभं राहतं ते बघत होतो. मार्क परत दिले. शेवटच्या बाकावरच्याचे कापले. तो म्हणाला, मला वाटलंच होतं सर.
जेवण गेलं नाही. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो: मला यातलं ओ की ठो कळत नाही. फार भीती वाटते. उद्यापासून पाचला उठणार.

१३ ऑगस्ट
मोठ्या बाई सोमवारी माझा तास बघणार. खुर्चीचं त्यावरच ठरणार. योजना: एकच गणित पाठ करायचं. आंघोळ करताना घोकतोय. आता बायकोलाही पाठ झालंय.

१८ ऑगस्ट
बाई शेवटच्या बाकावर बसल्या. मी घडाघडा लिहीत सुटलो. निम्म्यावर त्या म्हणाल्या, हे पुस्तकातलं आहे, दुसरं घ्या. x लॉग x चं इंटिग्रेशन घ्या. मी ते फळ्यावर लिहिलं. मग नुसता बघत राहिलो. शर्ट पाठीला चिकटला. शेवटी पहिल्या बाकावरची उठली आणि म्हणाली, सर, नेहमीसारखं आम्हीच करू का? मी म्हटलं, करा. एकेक जण येऊन एकेक पायरी लिहून गेला. शेवटी तिने उत्तर लिहिलं, पुढे थोडी जागा सोडली आणि खडू माझ्या हातात दिला. मी 'प्लस सी' लिहिलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. डोळ्यात पाणी आलं. खडूची धूळ असावी.

१९ ऑगस्ट
पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, असं का केलंत? म्हणाली, तुम्ही गेलात तर डस्टरसर येतील ना सर. मी हे कौतुकच समजतो.

१ सप्टेंबर
मोठ्या बाईंचं बोलावणं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. त्या म्हणाल्या, असा तास या शाळेत झाला नव्हता. त्यामुळे कॅल्क्युलस आता कायमचं तुमच्याकडे, दोन्ही तुकड्यांचं. डस्टरसरांचा पाय बरा झालाय. तुमच्यामुळे त्यांचे तास मोकळे झाले, म्हणून उपमुख्याध्यापक ते. भूगोल पीटीच्या सरांकडे गेला. ते पृथ्वीचा गोल न्यायला आले आणि हा कुठल्या बाजूने फिरवायचा असं विचारत होते. सांगितलं. मग हातानेच फिरवून दाखवला.
घरी बायकोने विचारलं, खुर्चीचं काय झालं? म्हटलं, लिमिट. जवळ जवळ गेलो, पोचलो नाही.
ती हसली नाही. तिने पाचचा गजर लावला.