बायकोनं विचारलेला प्रश्न

पवनार, मंगळवार, संध्याकाळ

आज वर्ध्याला तपासणी झाली. हृदयातली नवी झडप नीट चालते आहे. मी शर्टाची बटणं लावत होतो, तेवढ्यात बायकोनं डॉक्टरांना थेट विचारलं, "डॉक्टरसाहेब, याईले आता किती वर्षं हायेत?" मला रागच आला. ऑपरेशननंतरच्या आठ महिन्यांत मी हे विचारलं नव्हतं. का नव्हतं? भीती, दुसरं काय.

डॉक्टर म्हणाले, "आकडा मी देऊ शकत नाही. पण रक्त पातळ ठेवायची गोळी न चुकवता, रक्त तपासत राहून, बरीच वर्षं जगलेली माणसं मी पाहिलीत."

बसमध्ये मी म्हटलं, "काऊन विचारलं तू?"

"ऑपरेशन झाल्यापासून तुमच्याशी भांडली नाई मी. तुमाले काही झालं तं, या भेवानं. मले न विचारता तुमी मायी म्हैस विकली, तेबी गिळलं. आता डॉक्टरनं सांगतलं ना? मंग ऐका."

पवनार येईपर्यंत ती बोलत होती. उतरताना मी म्हटलं, "चूक मायीच होती." तेव्हा ती रडली. खूप दिवसांनी आज मला आपण आजारी आहोत असं वाटलं नाही.