सोबतीचा माणूस

१२ जानेवारी १९५९
रंगूबाई गेली! पोलादपूरच्या वाटेवर, ओहोळाच्या कडेला सापडली. गळा आवळलेला. दिवाळीपासूनची ही तिसरी. आधी धनगरवाड्यावरची साळूबाई, मग ठमाबाई. तिघी माझ्या सासूबाईंच्या वयाच्या, तिघी एकट्याच बाजाराला निघालेल्या. अंगावरचा दागिना जागच्या जागी. मग मारलं तरी कशाला?

१३ जानेवारी
गावदेवी काळकाईला कौल लावला. गुरव म्हणाला, वाटेला लावसट लागली आहे – बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत. पोलीस काय करणार? देवीला कोंबडं द्या, आणि यापुढे बाईमाणसाबरोबर बाप्या हवाच. सोबतीला जाणार कोण? सगळे बापये खाली बघायला लागले. आमचे हे उठले! "मी जातंय. मला कसली भीती?"
मेलं, मला केवढा अभिमान वाटला.

१६ जानेवारी
जेवताना सहज म्हटलं, रंगूबाई बिचारी किती ओरडली असेल! तर हे म्हणाले, "नाय ओरडली. डोळे मिटलान तिनं." आणि भाकरी मोडून कालवणात बुडवली.
यांना कसं ठाऊक?

१७ जानेवारी
काळकाई, हे सगळं खोटं ठरू दे गं.

२० जानेवारी
सासूबाईंना विचारलं, हे लहानपणी कसे होते? लसूण सोलता सोलता हसल्या. "लय द्वाड! माझा न्हवरा मेला, मी येकली, राग काढू कुनावर? गोठ्यात खांबाला बांधायची याला. मिरच्यांची धुरी द्यायची. रडला का आनखी द्यायची. मंग शिकला. रडायचा नाय. डोळे मिटून घ्यायचा."
मी जेवतानाचं सगळं बोलून टाकलं. त्यांचं हसू गेलं. "कुनाला बोललीस?" नाही म्हटलं. "नको बोलू." लसूण संपला तरी बोटं सालं चिवडत होती.
चौकीवर जायचं तर पोलादपूर गाठायला हवं. आणि सोबत कोणाची? यांचीच!

२३ जानेवारी
हे दिवसभर माझ्याकडे बघत होते. "हल्ली बोलत नायस गो. चल, उद्या दोघं बाजाराला जाव."
तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "ती नको. मी येतंय." हे हसले. कधी नव्हे ते हसले!

२४ जानेवारी
सकाळी दोघं निघाले, कड्याच्या वाटेनं. हे पुढे, सासूबाई मागे. धावत जाऊन त्यांना थांबवावं असं वाटलं. गेले नाही. माझ्यावरचं टळलं म्हणून बरं वाटलं – शी! काय बाई मी!
दिवस कलला. कोणीच आलं नाही. दाराला आतून कडी लावून बसले आहे.

२५ जानेवारी
सासूबाई आल्या. एकट्याच. लुगडं फाटलेलं, कोपरं सोललेली. पाणी प्यायल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आजवर कधी फिरवला नव्हता.
म्हणाल्या, "कड्यावरून लोटला मी त्याला. कुंकू पूस गो."