तळ्याचं डोहाळजेवण

प्रिय झुबेदा,

हे पाकीट अमजद तुझ्या हातात देईल. तो शुक्रवारी मस्कतला निघतोय. बॅगेत सुका जवळा आहे, घावण्यांसाठी तांदळाचं पीठ आहे आणि सगळ्यात खाली हे पत्र. कागदाला जवळ्याचा वास लागला असेल तर नाक मुरडू नकोस. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. मी तळ्याचं नाव काढलं की तुला गॅसवरचं दूध आठवतं, नाहीतर फुजैल ऑफिसातून आलेला असतो. पत्र वाचताना कितीही दूध उतू गेलं तरी पत्र जागचं हलत नाही. शिवाय शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी आपल्याकडून पत्रलेखन इतकं घोटून घेतलं, ते काय फक्त आजारपणाच्या रजेचे अर्ज लिहायला?

बातमी आधी सांगते. आपलं चिंचाळे तळं उघडलं. सगळं नाही, अर्धंच, अमजदच्या दुकानाकडची बाजू. पण भोवतीचे निळे पत्रे निघाले, फाटक उघडं आहे, आणि काल संध्याकाळी मी पाण्याकडे तोंड करून चक्क बाकावर बसले. पाणी अजून हिरवंच आहे. एक खंड्या मात्र आला आहे राहायला, विजेच्या नव्या खांबावर बसतो. खांबावर दिवा नाही, पण खंड्याला त्याची गरज नाही.

तुला आठवतं, शाळेतून परत येताना सिस्टरची पांढरी छत्री वाऱ्याने या तळ्यात गेली होती? मी मिठागरावरची पोर, पाण्याचं मला काय भय. दप्तर टाकलं आणि उडी मारली. छत्री धरून मागे बघते तर तू गटांगळ्या खाते आहेस. तुला पोहता येत नव्हतं. काठावर ओढून आणल्यावर सिस्टरनी विचारलं, तू का उडी मारलीस? तू नाकातोंडातलं पाणी पुसत म्हणालीस, "गोदू गेली म्हणून." सिस्टरना रागवायचं होतं, पण त्यांना हसू आवरेना. मग तुझ्या अम्मीने आपल्या दोघींचे गणवेश चुलीजवळ वाळवले आणि आपण तिच्या ओढण्या गुंडाळून शेवया खात बसलो. दुसऱ्या दिवशी वर्गात आपल्याला धुराचा वास येत होता.

तर त्या तळ्याभोवती पत्रे लागले ते फुजैलचे अब्बा गेले त्याच वर्षी. चाळिसावा झाला आणि तू मुलाबरोबर गेलीस, आणि आठवड्याभरात निळे पत्रे उभे राहिले. त्यावर लिहिलेलं, सुशोभीकरणाचे काम प्रगतीपथावर. नंतर उन्हाने त्यातलं 'प्रगती' उडालं आणि नुसतं 'पथावर' उरलं. आधी दगड राजस्थानातून यायचा होता. दगड आला तर गवंडी गावाला गेलेले. गवंडी आले तर आचारसंहिता लागली. ती उठली तर पाऊस. मग कंत्राटदार बदलला, आणि जो नवीन आला त्याने आधीच्याने लावलेला दगड काढला. लोक वैतागले. गणपती प्लॅस्टिकच्या टाकीत बुडवावे लागले, सकाळी फिरणारी म्हातारी माणसं पत्र्याला खेटून रिक्षांच्या धुरात चालू लागली. आणि तू प्रत्येक ईदला फोनवर म्हणायचीस, खिडकीतून पत्रा बघायला कोण येईल गं, तळं पुरं झालं की येते.

मीही काही वेगळं करत नव्हते. हे गेल्यापासून रंजिता दर रविवारी फोन करते. खारघरला बाविसाव्या मजल्यावर तिचं घर आहे, माझ्यासाठी खोली तयार आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. लेक गुणाची आहे, जावई तर त्याहून. नाही कसं म्हणायचं? मी म्हणून टाकलं, तळ्याचं काम होऊ दे, ते एकदा डोळ्यांनी बघते आणि मग येते. शब्दच दिला म्हण ना. तेव्हा कंत्राटदाराचा तोंडावळा बघून मला खात्री होती की माझ्या हयातीत काही हे व्हायचं नाही.

पण गेल्या दिवाळीत अमजदकडची बाजू खरंच पूर्ण झाली. फरशी, बाकं, पायऱ्या, सगळं. तरी फाटकाला कुलूपच. कारण विचारलं तर उद्घाटनाला मोठ्या साहेबांची तारीख मिळत नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. आत धूळ साचलेली बाकं पत्र्याच्या भोकातून दिसायची. भजनी मंडळात हाच विषय. आमच्यात मनस्वी म्हणून एक मुलगी आहे, खालच्या मजल्यावरची सून, बोलायला फटकळ. सातवा महिना लागला होता तिला. ती म्हणाली, "काकू, पत्रे लागले तेव्हा माझं लग्न झालं. माझा पहिला शाळेत जायला लागला, आता दुसरं येतंय. आणि याचं अजून पहिलंच अडकलंय." सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, मग डोहाळजेवण तरी करा बिचाऱ्याचं. आणि झुबेदा, ते हसण्यावारी न्यायचं सोडून आम्ही खरंच केलं.

मनस्वीचं व्हायचंच होतं, म्हटलं दोघांचं एकत्र करू. फाटकाच्या पत्र्याला माझी हिरवी साडी नेसवली, पदर काढून, निऱ्या घालून. मोगऱ्याच्या कळ्यांचा कमरपट्टा केला. फाटकावर आडवा झेंडूचा हार बांधला. छोटा मांडव, सजवलेला झोपाळा, मंडळाचा माइक. अमजदने दुकानातून खुर्च्या दिल्या आणि मला म्हणाला, "गोदूताई, बाळंतपणाला मला बोलावू नका म्हणजे झालं." पेढा की बर्फी हा खेळ ठेवला, ताट केलं, ओटी भरली. मी गाणं रचलं. हसू नकोस, मराठीत मला तुझ्यापेक्षा कमी मार्क असायचे हे ठाऊक आहे मला.

पहिल्या गं महिन्यात नारळ फोडला, फोटो काढला ऐटीत,
दुसऱ्या गं महिन्यात पत्रा ठोकला, चावी गेली पेटीत.
नववा गेला, विसावा गेला, कळा काही येईनात,
सुईणी झाल्या तीन बदलून, पत्रे काही जाईनात.

रस्त्यावरचे लोक थांबून टाळ्या वाजवू लागले. आणि तेवढ्यात तुळशीरामशेठची पांढरी गाडी आली. तुला तो आठवेल, आमच्या मिठागराच्या शेजारचा तुळशा, चिंबोऱ्या पकडायचा. आता इथला पुढारी आहे, बिल्डर आहे, गळ्यात ही जाड साखळी. एका हळदीहून दुसऱ्या हळदीला निघालेला. मांडव दिसला, माइक दिसला, हिरवी साडी दिसली, बायका जमलेल्या. कानाला फोन लावूनच उतरला. मांडव दिसला की शिरायचं आणि नारळ फोडायचा, ही त्याची जुनी सवय. त्याने हात पुढे केला, मनस्वीने झोपाळ्यावरून उठून ओटीतला नारळ त्या हातावर ठेवला. फाटकाशेजारच्या दगडावर त्याने तो असा फोडला की पाणी माझ्या चष्म्यावर उडालं. मग फाटकावरचा हार बघून म्हणाला, "कातर?" मनस्वीच्या सासूने फुलं कापायची कातर दिली. त्याने हार कापला. त्याच्याबरोबरच्या फोटोवाल्याने फोटो काढला. आणि शेठने हार कापलेला बघून बाळू वॉचमनने, तो बिचारा साठीचा माणूस, हुकूम समजून फाटकाचं कुलूप काढलं.

तुळशीरामने माइक घेतला. आमी बोलतो ते करून दाखवतो, नाय तर बोलतच नाय, असं बरंच काही बोलला. तोवर पोरं आत धावली होती, फिरणारी म्हातारी मंडळी बाकांवरची धूळ रुमालाने झटकून बसली होती, आणि कुणीतरी पायऱ्यांवरून पाण्यात पाय सोडले होते. भाषण संपवून तो वळला, तेव्हा त्याला पत्र्यावरचा कमरपट्टा दिसला. माझ्याजवळ येऊन हळूच विचारतो, "गोदूआत्या, ह्यो कार्यक्रम कसला हाय?"

मी सांगितलं. सिस्टरनी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं, निदान तोवर तरी.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मोठ्या साहेबांसाठी राखलेलं उद्घाटन त्याने एका गरोदर पत्र्यापुढे उरकलं होतं. त्याने बाळूकडे बघितलं, बाळूने कुलुपाकडे. फोटो तर कधीच व्हॉट्सअ‍ॅपवर गेला होता, खाली लोकार्पण लिहून. मग त्याचं त्यालाच हसू फुटलं. पोट धरून हसला. म्हणाला, "आत्या, तुमी माझा पार पोपट केला." मी म्हटलं, आता आला आहेस तर जेवून जा. मनस्वीने त्याच्यापुढे दोन वाट्या उपड्या ठेवल्या. त्याने उघडली त्यात बर्फी निघाली, म्हणजे मुलगी. ती खाऊन, तळ्याकाठच्या बाकावर मसालेभात खात तो बराच वेळ बसला. दुसरी हळद चुकलीच त्याची. मोठ्या साहेबांकडून दुसऱ्या दिवशी बोलणी बसली म्हणतात. पण उघडलेलं फाटक पुन्हा बंद करायची हिंमत कुणाची? बोलणी खाऊन झाल्यावर त्याने स्वतःच्याच अभिनंदनाचा फलक लावला आहे, त्यात माझी हिरवी साडी स्पष्ट दिसते.

त्या रात्री आळीत कुणी स्वयंपाक केला नसेल. सगळे तळ्यावर. भेळवाला आला, फुगेवाला आला. मनस्वीला सगळ्यांनी बाकाच्या मधोमध बसवलं होतं आणि बाया तिच्या पोटाला हात लावून सांगत होत्या, तुझीच पुण्याई गं बाई. तुझ्या घराच्या बंद खिडकीचं प्रतिबिंब पाण्यात पडलं होतं. अमजद म्हणाला, उघडून साफ करून घेऊ का? मी नको म्हटलं. ते कुलूप तू एकटीने उघडायचं नाही आणि आम्हीही तुझ्यावाचून उघडायचं नाही. दारातच फुजैलच्या अब्बांची खुर्ची आहे, हे मला ठाऊक आहे. तू म्हणत होतीस पत्रा, पत्रा, आणि मी कधी अडवलं नाही तुला, कारण मीही तेच करत होते. पत्र्यांच्या नावाने आळीत सगळ्यात मोठ्याने मी ओरडायचे, आणि त्यांचा सगळ्यात जास्त आधार मलाच होता. त्यांच्या आड आपण दोघी मजेत लपून होतो, आणि ते मीच पाडून बसले, तेही डोहाळजेवण घालून.

आता पत्र का लिहिलं ते. घरी आले तर रंजिताचा फोन. तिने फोटो बघितला होता, तुळशीरामशेजारी आरतीचं ताट घेऊन मी उभी. म्हणाली, "आई, झालं तुझं तळं. रविवारी टेम्पो सांगू?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की मला नाही गं येता येणार, झुबेदा कायमची परत येते आहे, ती एकटी कशी राहील. तर माझी लेक म्हणाली, "झुबेदामावशी येतेय? मग तू राहा, आम्हीच येत जाऊ." दुसऱ्या दिवशी तिने तुझ्या न्हाणीसाठी गीझर पाठवला. तो माझ्या पलंगाखाली आहे. मनस्वीच्या सासूने ती बातमी सगळीकडे केली. मासळीवाली विचारते, झुबेदाबाय कधी येते, पापलेट ठेवू का. तुळशीराम म्हणतो, विमानतळावर गाडी पाठवतो. अमजद नुसता हसतो आणि स्वतःच्या परतीच्या तिकिटाबरोबर आणखी एका तिकिटाची चौकशी करतो. तू येते आहेस हे आता सगळ्या आळीला ठाऊक आहे, झुबेदा. फक्त तुलाच कळायचं राहिलं होतं.

वाट बघणारी, तुझीच,
गोदू