पिलातसाहेबाचे नाव

आर्णी, शनिवार, १२ एप्रिल १९५८

प्रिय साडूभाऊ सदाशिवराव यांस,

बापूजीचा सप्रेम सलाम. तानाबाईंचे गुडघे वणीच्या उन्हाने तरी मोकळे झाले असतील अशी आशा करतो. इकडे मैनाबाई बरी, म्हैस बरी. माझे खाली लिहितो.

गेल्या रविवारी, ईस्टरच्या सकाळी, मी तांब्यात निखारे घालून कोटाला इस्त्री केली. (पाठीवर तांब्याच्या बुडाएवढा डाग पडला. आता भिंतीला टेकूनच उभे राहा, असे मैनाबाई म्हणाली.) कोट घालणे भाग होते, कारण उपासनेला तालुक्याहून तहसीलदारसाहेब पाहुणे येणार होते. बोलावणारे विठ्ठलराव: निवृत्त पटवारी, मंडळीचे पंच, आणि तुम्ही जुळवलेल्या सोयरिकीमुळे आमच्या कोकिळेचे होणारे सासरे.

आपण काय मानतो ते उपासनेत सर्वांनी मिळून म्हणायचे, तो विश्वासांगीकार लोकांकडून म्हणवून घेण्याचे काम कैक वर्षे माझ्याकडे आहे. त्यात प्रभूने पंतय पिलाताच्या अमदानीत दुःख सोसले असे आपण म्हणतो. ते विठ्ठलरावांना आदल्या दिवशी एकाएकी खटकले. "एवढे मोठे साहेब येऊन राह्यले, अन् तुम्ही त्यायच्यासमोर अधिकाऱ्याच्या नावानं बोटं मोडता? पिलात म्हणजे तहसीलदारच ना?" (त्याहून मोठा, रोमी सुभेदार होता, असे मी म्हणालो. त्याने प्रकरण आणखी बिघडले.) "नाव गाळा. देव तोच राह्यते. कायले पाहिजे तो मधात?"

मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस; उत्तर मागाहून गोठ्यात सुचले. उपदेशाला साल लागत नाही. खरे बोलावे, शेजाऱ्याला पाणी द्यावे, हे केव्हाही खरेच. पण एक माणूस मेला आणि कबरेतून उठला, ही बातमी आहे. ती खरी तरी असेल किंवा खोटी तरी. खरी असेल तर ती कुठल्या तरी गावात, कोणाच्या तरी अमदानीत घडली असणार. पिलाताला काढले की उरते आटपाट नगर. आमचा धाकटा विषमज्वराने गेला, तो अरुणावतीकाठच्या खऱ्या मातीत आहे. त्याच्यासाठी मला आटपाट नगरातला उठलेला माणूस चालणार नाही.

असो. ईस्टरला नाव घेतले गेले. विठ्ठलरावांचा चेहरा पाहवेना. साहेबांनी चहा घेताना मलाच विचारले, हे पिलात कोण? मी सांगितले, माणूस निर्दोष आहे हे कळूनही जमावाला भिऊन त्याने प्रभूला क्रूसावर देण्याचा हुकूम दिला. साहेबांनी बिस्कीट चहात बुडवले. मग म्हणाले, "अशा वेळी वरून लेखी काही आलेलं नसतं हो." आणि आणखी एक बिस्कीट घेऊन संतोषाने गेले.

संतोष विठ्ठलरावांना झाला नाही. उद्याच्या रविवारी नाव गाळून म्हणा, नाहीतर सोयरीक संपली, असा निरोप आला आहे. कोकिळा म्हणाली, "बाबा, त्याहीनं जन्मभर पंचनामे केले. साल अन् साहेबाचं नाव नाही असा एक तरी पंचनामा दाखवा म्हणा त्यायले!" ती हसली, पण मुलगा तिला पसंत आहे, म्हणून ते हसणे मला ऐकवले नाही.

बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद.

आपला,
बापूजी

ता. क. : पत्र लिहिण्याचे खरे कारण म्हणजे, मिळेल त्या मोटारीने आर्णीला या आणि विठ्ठलरावांना समजवा. ते तुमचे ऐकतात. मुलीची बाजू तुम्हीच मांडू शकाल.

ता. क. दुसरा (रविवार, दुपार) : टपाल आज निघत नाही, म्हणून एक गोष्ट खरी लिहितो. ईस्टरला मी धीट वगैरे नव्हतो. नाव गाळतो असे मी विठ्ठलरावांना कबूल केले होते. डोळे मिटल्यावर ते सवयीने तोंडातून गेले, इतकेच. आज मात्र डोळे उघडे ठेवले. विठ्ठलराव पुढच्याच सतरंजीवर होते. पिलातापाशी येऊन थांबलो, बायकांकडे पाहिले. कोकिळेने नजर खाली घेतली नाही. मग मी पंतय पिलाताचे नाव घेतले, सावकाश आणि पूर्ण.