तांदळात लिहिलेलं नाव

आवडी, चेन्नई
१२ जून २०२५

चि. सौ. ऊर्मी,

अनेक आशीर्वाद. आंब्यांची पेटी पोचली. इथे उकाडा असा की पंखासुद्धा दमलाय. फोन सोडून मेहुण्यांना पत्राचं खूळ कुठून लागलं, असं म्हणशील. वाच, म्हणजे कळेल.

ताईचं विसरणं फार वाढलं. आधी तमिळ गेलं, मग शेजारी, मग मी. "तुम्ही कोण हो? दिसायला बरे आहात," म्हणाली. उभ्या संसारातली पहिली तारीफ! हसलो, आणि मोरीत जाऊन रडलो.

तिला बरं वाटायचं ते फक्त सेंट्रल स्टेशनात. म्हणून लोकलने न्यायचो. काय आहे गं तिथे? लाल विटा, कबुतरांची घाण, मासळीच्या खोक्यांतून गळणारं पाणी, चादरी पसरून झोपलेली घरंच्या घरं, आणि त्या सगळ्यावर मोगऱ्याचा वास. मी नाक मुरडायचो. पण लग्न होऊन ती इथेच उतरली होती. मुंबईची गाडी लागली की मराठी कानावर पडायचं आणि तिचा चेहरा फुलायचा. खरं सांगतो, ते कळकट स्टेशन मलाही आवडायला लागलं होतं.

रविवारी तिला बाकावर बसवून कॉफी आणायला गेलो. परत आलो तर बाक रिकामा.

ऊर्मी, ताई हरवली आहे. फोनवर "झोपलीय" म्हणालो ते खोटं होतं.

पोलिसांनी लगेच स्पीकरवरून पुकारा करवला. सुनंदा, सुनंदा. मी प्लॅटफॉर्म पालथे घालत होतो, तेवढ्यात एक फुलवाली धावत आली.

"सार, त्या टोकाला एक अम्मा बसलीये. तुमच्यासारखंच बोलते. नाव शर्मिष्ठा सांगते."

"माझी सुनंदा आहे, शर्मिष्ठा नव्हे!" मी खेकसलो आणि उलट्या दिशेला पळालो.

तुला तरी ते नाव पटकन आठवलं असतं का? तू ताई म्हणतेस. तुझे आईबाबा गेल्यापासून ते कोणी घेतलंच नाही. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने मीच 'सुनंदा' लिहिलं, तुम्ही पेढे वाटलेत, आणि शर्मिष्ठा संपली. जी मलाच विसरली, ती मी दिलेलं नाव कशाला लक्षात ठेवील? पुन्हा पुकारा झाला तेव्हा हे डोक्यात आलं. धावत टोकाला गेलो. फुलवाली एकटीच होती. मुंबईची गाडी हलली तशी अम्मा उठून गर्दीत गेली, म्हणाली. जाताना फुलवालीने तिला गजरा माळला होता.

पोलिसांनी पुढे गाडी थांबली तिथे डबे तपासले, पुढच्या स्टेशनांवर शोधलं, इस्पितळं झाली. कुठेच नाही. ती त्या स्पीकरखाली बसून सुनंदाचा पुकारा ऐकत होती, हे काही केल्या मनातून जात नाही. कुणाची बायको हरवली म्हणून हळहळलीही असेल.

आता रोज जातो. बाकाबाकाशी थांबून "शर्मिष्ठा" म्हणतो. जीभ वळत नाही, परक्या बाईला हाक मारल्यासारखं वाटतं. माझ्या हाकेला ती ओ देईल अशी आशा मला उरलेली नाही. तुझा आवाज तुमच्या आईचा आहे. तू ये.

सुनंदाचा नवरा, शर्मिष्ठेचा कोणी नाही,
अशोक