कागदावर अडुसष्ट

१ जुलै २०२४, सोमवार
एचआरचा मेल. यंदापासून ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील नाहीत. बाकीच्या कुटुंबालाही पाचाचे तीन लाख. खाली स्माइली.

जाऊन भेटलो. एचआरची मुलगी म्हणाली, सर, प्रीमियम फार वाढला. म्हटलं, आधी मला विचारायला हवं होतं. गोरव्याच्या कारखान्यात अठरा वर्षं परचेसला आहे. कास्टिंगपासून टॉयलेटच्या साबणापर्यंत एक वस्तू सांगितलेल्या भावाला घेतलेली नाही. ती हसली. इंप्रेस झाली असावी.

घरी सांगितलं. बाबांचा हर्निया दिवाळीच्या आत करून घ्या, असं सर्जनने मे महिन्यातच बजावलंय. निरुपमा म्हणाली, आपल्या ऋचासाठी ठेवलेली एफडी मोडू, पुढच्या आठवड्यात उरकून टाकू, पॉलिसीचं नंतर बघू. बायको चांगली आहे, पण परचेसचं डोकं नाही. खिशातून पैसे भरून ऑपरेशन करणं म्हणजे एमआरपीला माल उचलणं.

संकल्प: महिन्याभरात बाबांसाठी बेस्ट पॉलिसी, बेस्ट रेटला. मग ऑपरेशन. कॅशलेस.

६ जुलै, शनिवार
धवल येऊन गेला. सोसायटीतलाच, इन्शुरन्स एजंट. दोन वाट्या चिवडा. त्याचं म्हणणं, असलेल्या आजाराला तीन वर्षं वेटिंग, तोवर क्लेम नाही. हर्नियाला तर कसंही धरलं तरी निदान दोन. उन्मेषभाई, ऑपरेशन हमणां रोकडेथी करावी लो, पॉलिसी पछी बीजा बधा माटे. म्हणजे ऑपरेशन आत्ता रोखीने उरका, पॉलिसी नंतर बाकी सगळ्यासाठी.

व्हेंडरचं पहिलं कोटेशन असंच असतं. तीन वर्षं म्हणतात आणि सहा महिन्यांवर येतात. मी नुसता हसलो.

खरी अडचण वयाची. त्याच्या कंपनीत अडुसष्टपर्यंत एक स्लॅब, एकोणसत्तरपासून दुसरा, जवळजवळ दीडपट. बाबांना एकोणसत्तर पूर्ण, ऑक्टोबरात सत्तर. थोडक्यात हुकलं. यावर काहीतरी काढतो.

१४ जुलै, रविवार
काढलं.

माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला. जन्मतारीख १ जून १९५६. आधार कार्डावर १२ ऑक्टोबर १९५४. बाबांना विचारलं. म्हणाले, कोजागिरीची खरी. आजोबांनी शाळेत घालताना दीड-दोन वर्षं कमी लावली, पुढे नोकरी तेवढी जास्त होईल म्हणून. आजोबा गायकवाडी दफ्तरात होते, दूरदृष्टीचा माणूस. मग आधारवर खरी कशाला टाकलीत, म्हटलं. तर म्हणे, त्यांनी विचारली म्हणून सांगितली.

जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली. व्यवहार शून्य.

पण नोकरी केली शाळेच्या तारखेवर, पगार घेतला शाळेच्या तारखेवर. म्हणजे कायद्याने बाबा अडुसष्टचेच. मी फक्त सरकारची चूक सुधारणार.

२५ जुलै, गुरुवार
हाफ डे टाकला. निजामपुऱ्यात आधार केंद्र. खुर्चीवरचा मुलगा म्हणाला, काका, जन्मतारीख एक ज वार बदलाय, पाकुं ने? एकदाच बदलता येते, नक्की ना, असं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, पाकुं.

दहा मिनिटांत काम. रिक्षात म्हटलं, बाबा, तरुण झालात, पेढे काढा. ते म्हणाले, आईने कोजागिरीला जन्म दिला, तिला कोणी विचारलं नाही. खड्डा आला की पोटावरचा पट्टा हाताने दाबून धरत होते.

१० ऑगस्ट, शनिवार
नवं आधार आलं. अकरा कंपन्यांची कोटेशन्स जमली. एक्सेल शीट केली. रूम रेंट हिरव्यात, को-पे पिवळ्यात, वेटिंग लाल. अर्धी शीट लाल आहे. फाँट बदलून बघतो.

एका कंपनीच्या कॉल सेंटरला वेटिंगवर निगोसिएट केलं. मुलगी म्हणाली, सर, ये नहीं हो सकता. म्हटलं, मॅनेजरला द्या, पुढे रिपीट ऑर्डर आहे. तिने विचारलं, सर, कितनी पॉलिसी लेनी है? म्हटलं, एक. लाइन कट झाली. हल्ली नेटवर्कचं काही खरं नाही.

निरुपमाने विचारलं, महिना झाला ना? म्हटलं, मार्केट स्टडी करतोय.

२८ ऑगस्ट, बुधवार
विश्वामित्री नदी सोसायटीत. आमचा तळमजला. पहाटे पाणी घरात शिरलं. सगळे वर हिंमतरावांकडे. हिंमतराव म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे दोस्त, रोज सकाळी कमाटीबागेत फिरायला बरोबर.

मी सगळ्यात आधी लॅपटॉप वर नेला. शीट त्यात आहे. खाली येऊन बघतो तर बाबा गव्हाचा डबा पोटाशी धरून जिना चढतायत. ओरडलो. म्हणाले, वर्षाचे गहू आहेत रे. डबा वर पोचला. बाबा मधल्या पायरीवर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

३ सप्टेंबर, मंगळवार
पाणी उतरलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, गाद्या, माझी अ‍ॅक्टिव्हा, सगळं गेलं. एफडी मोडली. तात्पुरती.

बाबांची गाठ आधी लिंबाएवढी होती. आता आई म्हणते, बघवत नाही. मी पाहिली नाही. मेडिकल बाबतीत भावनेच्या आहारी जाऊ नये.

१२ सप्टेंबर, गुरुवार
सकाळी हिंमतराव पेपर नाचवत खाली आले. सत्तरच्या वरच्या प्रत्येकाला सरकारी कार्ड, पाच लाखांपर्यंत उपचार फुकट, उत्पन्नाची अट नाही, केंद्राने मंजूर केलं. बाबांना म्हणाले, जनार्दन, तुझं काम झालं.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी समजावलं. एक तर या घोषणा असतात. दुसरं म्हणजे आपल्याला लागू नाही, बाबा अडुसष्टचे आहेत. हिंमतराव म्हणाले, अरे, हा माझ्याहून दोन महिन्यांनी लहान, एका बाकावर बसलोय आम्ही. म्हटलं, काका, कागदावर नाही.

हिंमतरावांनी चहा अर्धा टाकला. साखर कमी पडली असेल.

२६ सप्टेंबर, गुरुवार
व्हेंडर फायनल. धवलचीच कंपनी. वेटिंग दोन वर्षांवरून खाली आलं नाही, पण डायरी आणि कॅलेंडर द्यायला तो तयार झालाय. हीच निगोसिएशन.

निरुपमा म्हणाली, मग आज सही करून टाक. म्हटलं, पितृपक्ष चालू आहे. ती म्हणाली, तू कधीपासून मानायला लागलास? मी मानत नाही, पण आईला वाईट वाटेल. आईने आतून सांगितलं, मला काही वाटत नाही, कर सही. तरी तिच्या मनाचा विचार मला करायला हवा. घट बसले की करतो.

बाबांचं फिरणं बंद आहे. गच्चीवर तीन फेऱ्या मारतात. मधल्या फेरीत टेकतात.

५ ऑक्टोबर, शनिवार
फॉर्म भरला. प्रपोजल गेलं. कंपनीच्या डॉक्टरकडे बाबांची मेडिकल. मुलगा तिशीचा. बाबांना उभं केलं, हात लावून म्हणाला, काका, खोकला खाओ. बाबा खोकले. परत खोकायला सांगितलं. मग मला विचारलं, आ केटला वखतथी छे? म्हटलं, अलीकडचंच. बाबा कपडे नीट करत म्हणाले, गेल्या होळीपासून. सरळ माणसाला घेऊन निगोसिएशनला बसू नये.

तरी रिपोर्ट चांगला येईल. ईसीजी उत्तम आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार
कंपनीचा मेल. प्रपोजल पोस्टपोन्ड. आधी हर्नियाचं ऑपरेशन करून घ्या, मग सहा महिन्यांनी अर्ज करा.

तीनदा वाचला. ऑपरेशनसाठी पॉलिसी हवी आणि पॉलिसीसाठी ऑपरेशन. धवलला फोन केला. तो म्हणाला, मी जुलैमध्ये चिवडा खाताना हेच सांगत होतो. एजंट लोकांना क्रेडिट घ्यायची फार हौस.

पण शब्द बघा. पोस्टपोन्ड. रिजेक्ट म्हटलेलं नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी
आईच्या मनात बाबांची सत्तरीची शांत करायची होती. गुरुजी, चार घरची माणसं, सत्तर दिव्यांचं औक्षण. मी साफ नाही म्हटलं. ऋचा फोटो टाकणार, कुणीतरी खाली सत्तरीच्या शुभेच्छा लिहिणार, उद्या कंपनीने बघितलं तर? रेकॉर्ड क्लीन हवं. शांत रद्द.

शेवटी घरातल्या घरात औक्षण ठरलं. आईने कणकेचे दिवे केले होते. मी मोजून अडुसष्ट ताटात ठेवले. बाबा पाटावर बसले, म्हणजे बसायला मी आणि निरुपमाने धरलं. दिव्यांच्या उजेडात फार बारीक दिसले.

नंतर पाणी प्यायला गेलो तर ओट्यावर दोन दिवे जळत होते. हे काय, विचारलं. आई म्हणाली, ते तुझ्या हिशोबातले नाहीत.

३० ऑक्टोबर, बुधवार
ती योजना काल सुरू झाली. खरोखरच. हिंमतरावांचं कार्ड त्यांच्या मोबाइलवर आलंसुद्धा. निरुपमाने गुपचूप बाबांचा आधार नंबर टाकून पाहिला. वय पात्र नाही.

तिने फोन माझ्यापुढे ठेवला आणि दिवाळीच्या चकल्या तळायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

काळजीचं कारण नाही. एकदा बदललेली तारीख परत बदलता येईल. सिस्टीम शेवटी माणसंच चालवतात.

९ नोव्हेंबर, शनिवार
आधार केंद्र. तोच मुलगा. त्याने बाबांना ओळखलं, खुर्ची दिली. मला म्हणाला, में कह्युं हतुं ने, एक ज वार. वरच्या ऑफिसात अर्ज करून बघा, पण जन्माचा दाखला लागेल. पत्रिका चालणार नाही.

बाबांचं आजोळ करजण, जन्म तिथे, घरी. काल सुट्टी टाकून तिथेही जाऊन आलो. त्या वर्षीच्या नोंदीत नाव नाही. तिथल्या क्लार्कला पत्रिका दाखवली. त्याने चष्मा लावून नीट पाहिली. म्हणाला, गुरु उच्चनो छे, बहु सरस. आणि परत दिली.

बदलायला एक दाखला पुरला. आता खरी तारीख सिद्ध करायला काहीच नाही. दाखल्यावर माझ्या बापाचा जन्म अजून व्हायचाय, १९५६ साली. वाईट वाटलं. लिहून ठेवतो, फार वाईट वाटलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार
हिंमतरावांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. चांगलं खासगी हॉस्पिटल, एक रुपया लागला नाही. घरी आले. बाबा भेटायला वर गेले. एकच मजला, पण जिन्यात दोनदा थांबले. हिंमतरावांनी त्यांना पेढा दिला आणि रडायला लागले. बाबाच त्यांची समजूत काढत होते.

मी खाली आलो. शीट उघडली. मिटली.

२४ नोव्हेंबर, रविवार
काल सर्जनकडे. आता थांबू नका, म्हणाला. आतडं अडकलं तर धावपळ होईल. खर्चाचा आकडा मे महिन्यापेक्षा मोठा, आणि एफडी फ्रिजमध्ये गेलेली. ऑफिसात लोन मागितलं, पुराचं लोन आधीच घेतलंय म्हणाले. निरुपमा म्हणाली, सरकारी दवाखान्यात नंबर लावू, पण बाबांजवळ राहायला तू सुट्टी काढ. सुट्ट्या संपल्या. आधार केंद्र, करजण, मेडिकल.

दुपारी बाबांनी जवळ बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, उन्मेष, किती थांबायचं ते एकदा नक्की सांग, म्हणजे तशी मनाची तयारी करतो.

म्हटलं, बाबा, सोपं आहे. कागदावर तुम्ही १ जून २०२६ ला सत्तर पूर्ण करताय. त्या दिवशी सकाळी कार्ड काढू. कॅशलेस, खासगी हॉस्पिटल, बेस्ट सर्जन. तोवर वजन उचलायचं नाही, जिना नाही, आणि जोरात खोकायचं नाही. एवढ्या तीन गोष्टी पाळायच्या.

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, बघतो.

धवलचं नवं कॅलेंडर आलंय. भिंतीला लावलं. ते २०२५ चंच आहे, पुढचं मागून घेईन. प्लॅन पक्का झाला. बऱ्याच दिवसांनी शांत वाटतंय.

थंडी सुरू झाली. आतून बाबांच्या खोकल्याचा आवाज येतोय.